उजव्या कानाची खूण

रविवारी सकाळी मोबाइल वाजला आणि त्यावर जुन्नरच्या दवाखान्याचा नंबर दिसला, तेव्हा माझ्या गालात तंबाखूचा बार होता. गेली कित्येक वर्षं रविवारी सकाळी त्या नंबरवरून फोन आला की मी एकच काम इमानेइतबारे करत आलोय, ते म्हणजे खोटं बोलणं. त्यामुळे पलीकडून कोण बोलतंय हे ऐकायच्या आधीच मी सुरू झालो. निघालोच रे सुद्या, दुकानात एक गिऱ्हाईक आहे तेवढं काढतो आणि येतो. आणि या आठवड्यात तंबाखूला हात लावला असेल तर देवाशपथ... पलीकडे कुणी काही बोललं नाही. ती शांतता मला ओळखीची वाटली. माझं खोटं ऐकून घ्यायला सुदाम नेहमी एवढाच वेळ घ्यायचा. म्हणून मी आणखी थोडं वाढवलं, बायकोच्या शपथेपर्यंत आलो. मग एका बाजूनं बोलणारा, अर्धे शब्द ओठाच्या कोपऱ्यातून सांडणारा सुदामच्या थोरल्या भावाचा, खंडूदादांचा आवाज आला, ‘बबन, मी हाय रे. सुदाम गेला.’

मी तोंडातला बार गिळला. थुंकायचं असतं हे सुचलंच नाही. आळेफाट्याच्या माझ्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, उघड्या पडलेल्या तीन टीव्हींच्या मधोमध, पोटात जाळ घेऊन मी खाली बसलो. डॉक्टर सुदामच्या जाण्याची बातमी मी अशी ऐकली. शपथ अर्धी राहिलेली आणि तंबाखू पोटात गेलेली. त्याला हे कळलं असतं तर तो हसला नसता. त्यानं शर्टाच्या खिशातून पेनाएवढी बॅटरी काढली असती आणि म्हणाला असता, ‘आ कर.’

तो दर रविवारी पुण्याहून पहिल्या एसटीनं जुन्नरला यायचा. आठवडाभर पुण्यातल्या दातांच्या कॉलेजात शिकवायचं, संशोधन करायचं आणि रविवारी बाजाराच्या दिवशी जुन्नरच्या पेठेत दवाखाना उघडायचा. मंचर गेलं की त्याला गाडीत डुलकी लागायची. त्या दिवशी गाडी जुन्नरच्या स्टँडवर लागली, सगळे उतरले, हा उतरला नाही. कंडक्टर ओळखीचा. डॉक्टरांची झोप झालेली नाही असं समजून त्यानं आधी चहा घेतला आणि मग उठवायला गेला. डोकं खिडकीला टेकलेलं, मांडीवर पिशवी. सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं हृदय बंद पडलं म्हणाले. तोंडाचा काही संबंध नव्हता ना, असं मी दोन वेळा विचारलं, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरनं माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं. त्या पोराला काय माहीत, मी असं का विचारतोय ते. आज महिना उलटून गेल्यावर ते सांगायला बसलोय.

सुदामचं घर मेंढरांचं. मी महाळुंगे पडवळचा, आमची शेती. पिकं निघाली की खतासाठी आमच्या रानात त्यांची मेंढरं बसायची आणि मेंढरांबरोबर सुदाम आणि त्याचा थोरला भाऊ खंडूदादा यायचे. बाप लवकर गेल्यामुळे सुदामला वाढवलं खंडूदादांनी. स्वतः शाळेची पायरी चढले नाहीत आणि याला मात्र काठी घेऊन शाळेत पोचवायचे. मेंढरांना बोलवायला त्यांची एक शीळ होती. ती घातली की ओढ्यापलीकडून सगळा कळप मान वर करून चालू लागायचा. आम्ही पोरं तोंडातून नुसती हवा आणि थुंकी काढायचो.

त्यांच्या घरात एक रीत होती. कोकरू जरा अंगानं भरलं की खंडूदादा त्याला गुडघ्यात धरायचे, अंगठ्यानं जबडा उघडून तोंड बघायचे, पाठीवरून हात फिरवायचे आणि ठरवायचे. कळपात राखायचं असेल तर उजव्या कानाला छोटी कातर, विकायचं असेल तर डाव्या. एकदा मी हट्टच धरला, मला कातर मारू द्या. दादांनी एक मादी कोकरू माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, हिचा उजवा. कोकरू माझ्याकडे तोंड करून उभं होतं. मी माझ्या उजव्या हाताला जो कान आला तो कातरला, म्हणजे बिचारीचा डावा. सुदाम ओरडला तेव्हा मला कळलं. मला वाटलं आता मार बसणार. दादांनी मारलं नाही की काही नाही, नुसते त्या कानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘कान काय परत भरत न्हाई. खूण झाली ती झाली.’ पुढच्या बाजारात कळपातलं सगळ्यात देखणं कोकरू व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढलं. सुदाम त्या दिवशी जेवला नाही. मी जेवलो, पण त्या दिवसापासून डावं-उजवं सांगताना मी एकदा मनात वळून उभा राहतो.

सुदाम दातांचा डॉक्टर झाला यात त्याच्या घरच्यांना काही नवल वाटलं नाही. घराण्यात तोंड उघडून बघायचीच सवय, दादा म्हणायचे, हा फक्त माणसांकडे वळला. पण सुदामची सवय हाताबाहेर गेलेली होती. आपल्या भागात तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी पोखरलेली तोंडं त्यानं इतकी पाहिली होती की त्याला चेहरा दिसायचाच नाही, नुसते गाल दिसायचे. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढायला आलेल्या माणसाचा आवाज जरा जड वाटला, तर हा ताट बाजूला सारून बॅटरी काढायचा. माझ्या धाकट्या मेव्हण्याच्या साखरपुड्यात त्यानं व्याह्यांनाच मांडवाच्या बाजूला नेऊन ‘आ’ करायला लावलं आणि सोयरीक मोडता मोडता राहिली. त्या व्याह्यांनी पुढे पेढे आणून दिले, तेही खरं. वेळेवर सापडलं होतं.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णव साल असेल. सुदाम एक दिवस आळेफाट्याला दुकानात आला आणि टेबलावर एक पेटी ठेवली. लेझर, म्हणाला. मी आधी शटर अर्धं खाली ओढलं. टीव्हीवर तेव्हा ज्या मालिका चालायच्या त्यात लेझर म्हणजे भिंत फोडून पलीकडचा माणूस कापणारी चीज. याच्या पेटीतून मात्र वायरीच्या टोकाला लाल ठिपका आला, बाईच्या कपाळावरच्या टिकलीएवढा. मी हात पुढे केला. गरम नाही, गार नाही, काहीच नाही. मी त्याला म्हणालो, सुद्या, यापेक्षा माझं सोल्डरिंगचं मशीन बरं, निदान चटका तरी देतं. त्यावर तो म्हणाला की चटका देत नाही हीच तर त्याची गंमत आहे. मंद उजेड आहे, पण जखमेवर काही वेळ धरला तर जखम लवकर भरते असं बाहेरच्या देशांत सांगतायत. त्याला माझ्याकडून वेळ मोजणारं यंत्र हवं होतं, म्हणजे ठरावीक वेळ झाली की दिवा आपोआप बंद व्हावा आणि घंटा वाजावी. मी ते मोठ्या हौसेनं बनवलं. घंटेसाठी दुकानात जी सापडली ती दारावरची बेल बसवली. ती आरतीची चाल वाजवायची. पुढे कॉलेजच्या त्या गंभीर खोलीत दर थोड्या वेळानं आरती सुरू व्हायची आणि बाहेरून जाणारे शिपाई चपला काढायचे, असं सुदाम मला दात ओठ खाऊन सांगायचा. पण त्यानं ती बेल बदलली नाही.

आणि तेव्हाच माझं तोंड भाजलेलं होतं. चुना जास्त झाला. वीस-पंचवीस वर्षं रोज हातावर तंबाखू मळणाऱ्या माणसाला चुन्याचा अंदाज चुकावा यापरती नामुष्की नाही. पण त्या दिवशी एकीकडे टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालली होती. डाव्या गालाला आतून सालपटं निघाली. पाणी पिता येईना. मी सुदामच्या मागे लागलो, तुझा तो दिवा दे की लावून. तो नको म्हणाला, मग बघू म्हणाला, मग एका रविवारी दवाखान्यात बॅटरी घेऊन बराच वेळ गाल न्याहाळला, बोटानं चाचपला आणि दिवा लावला. असे काही रविवार झाले. गाल भरून आला, गुळगुळीत, नव्यासारखा. मग मी गप्प बसेन होय? आळेफाट्यावर मोठ्या गाड्या थांबतात, नाशिकच्या, नगरच्या, त्यांचे ड्रायव्हर, त्यांचे क्लीनर, हॉटेलातले सगळे पुड्या खाणारे. मी सगळ्यांना गाल फाकून दाखवायचो. लाल दिवा, चार रविवार, काम फत्ते. जुन्नरच्या दवाखान्यापुढे रांग लागली. सुदामनं एकालाही दिवा लावला नाही. रांग परत आळेफाट्याला येऊन माझ्याच नावानं बोटं मोडायची, आणि सुदाम मला दवाखान्याच्या मागच्या खोलीत नेऊन म्हणाला, ‘तुला लावला तोच गाढवपणा झाला. तुझी जखम होती. यांच्यातल्या कुणाच्या तोंडात जखम आहे आणि कुणाच्या तोंडात दुसरंच काही आहे, हे मला वरून दिसत नाही. जो उजेड जखम वाढीला लावतो, तो त्या दुसऱ्याचं काय करेल?’

या प्रश्नासाठीच त्यानं ती जनावरं आणली होती. हॅमस्टर म्हणतात त्यांना. उंदरापेक्षा मोठी, सशापेक्षा पुष्कळ लहान, मऊ. त्यांच्या गालांत पिशव्या असतात, दाणे साठवायला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एकानं दोन्ही गाल ठासून भरले होते आणि माझ्याकडे अगदी बंधुभावानं बघत होतं. मी म्हणालो, ही तर आपल्यातलीच दिसतायत, बार भरून बसलीत. सुदाम हसला नाही. या गालांना आतून आठवड्यातून ठरावीक वेळा ब्रशनं एक औषध लावायचं, त्यानं काही महिन्यांनी तिथं गाठी येतात, माणसाच्या तोंडात येतात तशाच. मग त्यातल्या अर्ध्यांना लाल दिवा द्यायचा, अर्ध्यांना नाही, आणि शेवटी त्या गाठींचे तुकडे काचेखाली घालून बघायचं. एवढं सरळ. त्या खोलीत लाकडाच्या भुशाचा आणि औषधाचा वास होता, खिडक्या नव्हत्या, आणि पिंजऱ्यांतून सारखा बारीक खसखस आवाज. मला तिथं फार वेळ थांबवेना. बाहेर येऊन मी तंबाखू मळली, आणि तोंडात टाकताना, का कोण जाणे, त्या जनावराचं फुगलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं. पण टाकली.

सुदामला मनातून वाटत होतं की दिवा गुण देणार. तो तसं बोलायचा नाही, बोलणं शास्त्रात बसत नाही म्हणायचा. पण माझा गाल भरून आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे आलं होतं ते मी पाहिलं होतं. आपल्या भागात मंडळी चिरफाडीच्या भीतीनंच मरतात. न कापता, न दुखवता, टिकलीएवढ्या उजेडानं हे थांबलं तर... एवढंच त्याचं स्वप्न.

त्याच हिवाळ्यात खंडूदादांच्या गालात फोड आला आणि तो बरा होईना. मीच त्यांना सांगून ठेवलेलं, काही नाही दादा, घरचाच डॉक्टर आहे, दिवा लावून देईल. सुदामनं तुकडा काढून तपासला. दोन रविवार तो जुन्नरला आलाच नाही. तिसऱ्या रविवारी आला तेव्हा दाढी वाढलेली होती. पुण्याला मोठं ऑपरेशन करावं लागेल, गाल आणि जबड्याचा भाग काढावा लागेल, असं त्यानं सांगितलं. दादा शांतपणे म्हणाले, कापायचं न्हाई. त्यांना मरणाची भीती नव्हती, दिसण्याचीही नव्हती. ते म्हणाले, ‘अर्धा गाल काढल्याव मी शीळ कशी घालू? बिनशिळेचा माणूस मेंढरामागं काय म्हणून जाईल? बबनला दिवा दिलास, मला दे.’ सुदामनं मान हलवली. दादा कधी नव्हे ते चिडले. परक्या उंदरांना रोज दिवा दाखवतोस आणि ज्यानं तुला शाळेत पोचवलं त्याला नाही म्हणतोस, असं म्हणाले. मग सुदाम उठला आणि म्हणाला, चल, मग दाखवतोच. मला म्हणाला, तूही चल, या सगळ्याची जाहिरात तूच केलीयेस.

आम्ही तिघे एसटीनं पुण्याला गेलो. दादा खिडकीशी बसून चाकणपर्यंत बाहेरची रानं बघत होते, कुठं कुणाची मेंढरं बसलीत ते मोजत असल्यासारखे. कॉलेजातल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत आलो तेव्हा पिंजरे पहिल्यापेक्षा कमी दिसले. दोन्ही गटांतल्या निम्म्यांचं तपासून झालंय, सुदाम म्हणाला. त्यानं हातमोजे चढवले, एका जनावराला अलगद पकडून गालाची पिशवी बाहेर काढली. मी मान फिरवली. दादांनी फिरवली नाही. मेंढरात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी अगदी जवळ जाऊन पाहिलं, पण त्यांची नजर गाठीवरून लगेच कानावर गेली.

‘ह्यो कान कुणी कातरला?’

‘मीच. ओळखू यावीत म्हणून.’

‘उजवा?’

‘हो.’

‘हिला दिवा दिलेला?’

‘हो,’ म्हणत सुदामनं ती परत पिंजऱ्यात ठेवली. दादांनी पुढचा पिंजरा पाहिला, त्यातली डाव्या कानाची होती; तिला दिवा दिलेला नव्हता. मग पुन्हा उजव्या कानाची. दादा एकेका पिंजऱ्यापुढे थांबत गेले. सगळ्या उजव्या कानाच्या वाईट होत्या असं नाही, आणि नुसत्या डोळ्याला मोठा फरक दिसत होता असंही नाही. खरा फरक काचेखाली होता, सुदाम मागाहून म्हणाला. तिथं दिव्याखालच्या गाठी जास्त बिथरलेल्या, जास्त खोल गेलेल्या निघाल्या होत्या. पण दादांना काचेची गरज लागली नाही. ते भावाकडे वळून म्हणाले, ‘राखायची म्हून ज्यांना खूण केलीस, तीच अशी झाली व्हय रे?’

‘मला कळलंच नाही दादा,’ सुदाम म्हणाला. ‘दिवा द्यायच्यांना खूण करायला घेतलं आणि हात आपोआप उजव्या कानाकडं गेला.’

तेवढ्यात कोपऱ्यातलं माझं यंत्र वाजलं. कुठल्या तरी पोरानं पलीकडे दिवा चालू ठेवला असेल, त्याची वेळ झाली. आरतीची चाल. ती संपेपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे राहिलो, देवळात उभं राहावं तसे, आणि मी स्वतःला एवढ्या शिव्या कधी घातल्या नसतील. चाल थांबल्यावर दादांनी विचारलं, ‘कधी कापत्यात?’

परतीच्या गाडीत दादा झोपले. ऑपरेशनचा दिवस ठरला होता. माझा स्वभाव असा की दुसऱ्याच्या घरची आग विझली की मग माझ्या लक्षात येतं आपलं धोतर पेटलंय. राजगुरुनगर गेल्यावर माझी जीभ एकदम डाव्या गालावर गेली. मी हळूच सुदामला विचारलं, अरे, तो दिवा माझ्याही गालात... तो बाहेर बघत होता. म्हणाला, एवढ्याशा जनावरांवरून माणसाचं काही ठरवता येत नाही. त्या जनावरांना आधीच गाठी होत्या. तुझी साधी भाजल्याची जखम होती. नारायणगावचे दिवे दिसायला लागल्यावर तो पुन्हा बोलला, ‘बहुतेक.’

त्यानं त्या वेळी माझा तुकडा काढून तपासला नव्हता. चुन्याचा डाग म्हणून नजरेनं बघितलं आणि दिवा लावला होता. त्या एका ‘बहुतेक’पायी तो पुढची सगळी वर्षं दर रविवारी माझं तोंड बघत राहिला. पाऊस असो, संप असो, गाडी बंद पडलेली असो. मी कंटाळा करून जुन्नरला गेलो नाही, तर दवाखान्यातून फोन यायचा. मी खोटं बोलत खुर्चीत बसायचो, कारण तंबाखू काही सुटत नव्हती. येताना ओतूरला चूळ भरायचो, वेलची खायचो, एकदा तर टूथपेस्ट नुसती चाटून आलो. त्याला एका क्षणात कळायचं. ओरडायचा नाही. माझा डावा गाल बोटानं ताणून बॅटरी आत धरायचा आणि श्वास रोखायचा. तो श्वास सोडेपर्यंत मीही सोडायचो नाही. मग तो बॅटरी बंद करून म्हणायचा, हं. एवढंच. त्या ‘हं’वर माझा आठवडा चालायचा. एकदा तिथं पांढुरकं दिसलं म्हणून त्यानं तुकडा काढला. उत्तर येईपर्यंत तो रोज रात्री दुकानात फोन करून टीव्हीचे भाव विचारायचा. साधं निघालं. त्या रविवारी त्यानं मला पेठेत भेळ खायला घातली, स्वतः काही खाल्लं नाही, आणि हातात भेळेचा कागद तसाच धरून म्हणाला, या वेळी साधं निघालं.

खंडूदादा ऑपरेशनातून उठले. गाल आत गेला, बोलणं एका बाजूनं झालं. शीळ गेली. दोन-तीन महिने ते रानात जाऊन प्रयत्न करायचे म्हणे. ओठातून हवा जायची आणि मेंढरं चरत राहायची. मग मेंढरं पुतण्याच्या हवाली केली आणि रविवारी जुन्नरला येऊन दवाखान्याचं शटर उघडायचं काम घेतलं. बाकावर बसून ते पेशंटना नंबरानं आत सोडायचे. ज्याला ऑपरेशनची भीती वाटायची त्याच्याकडे सुदाम नुसतं दादांना पाठवायचा. दादा काही सांगायचे नाहीत. शेजारी बसून चहा प्यायचे, एका बाजूनं, रुमाल लावून. ते बघून काही उठून जायचे, काही पुण्याला जायचे.

पुढच्या काळात आपल्या गावांतूनही लेझरच्या पाट्या लागल्या. सुदाम अशा पाटीपुढे उभा राहायचा. त्याचं दिव्याशी वैर नव्हतं. औषधांनी, किरणांनी सोललेल्या तोंडांना त्याचा उपयोग होतो, तो म्हणायचा, चांगली माणसं नीट वापरतायत. मग म्हणायचा, ‘पण आत काय आहे ते आधी बघून लावतात ना?’ हा प्रश्न तो पाटीला विचारायचा. मी त्याला ओढून पुढं न्यायचो, कारण लोक बघायला लागायचे.

तो गेल्यावर पहिले काही रविवार मी जुन्नरला गेलो नाही. आता फोन येणार नव्हता, खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं. मी मोकळा झालोय असं स्वतःला सांगितलं आणि दिवसभर जीभ डाव्या गालावरून फिरवत राहिलो. तिथं काही तरी खरखरीत लागत होतं. की माझ्या जिभेलाच लागत होतं... आरशात बघायचं धाडस झालं नाही. आज रविवार, सकाळी शेवटी गाडी काढली. ओतूरला सवयीनं चूळ भरली आणि मग लक्षात आलं की हे आता कुणासाठी.

दवाखान्याचं शटर उघडं होतं. दादा आत झाडत होते. डॉक्टर नाही, पेशंट नाही, पण टेबल पुसलेलं, भांड्यात पाणी भरलेलं. पेशंटची ती रेक्झिन फाटलेली खुर्ची, जी बसलं की आपोआप मागे कलते, तिच्यावर मी जाऊन बसलो. का बसलो, सांगता येणार नाही. दादांनी झाडू कोपऱ्यात ठेवला, हात धुतले आणि सदऱ्याच्या खिशातून सुदामची बॅटरी काढली. कंडक्टरनं त्यांच्या हातात दिली होती ती. नवे सेल घातलेले होते. म्हणजे ते माझी वाटच बघत होते.

‘आ कर.’

त्यांनी कोकराचा जबडा उघडावा तसा अंगठा घालून माझं तोंड उघडलं. अंगठा जाड, खरबरीत, साबणाचा वास असलेला. उजेड उजव्या गालावरून गेला आणि डाव्यावर थांबला. तिथंच थांबला. दादांचा श्वास बंद झालेला मला ऐकू आला. त्यांच्या भावाचा व्हायचा तसाच. मीही धरून ठेवला. बाहेर बाजारात कुणीतरी टोमॅटोचा भाव ओरडत होतं. मग त्यांनी बॅटरी बंद केली. ‘हं’ म्हणाले नाहीत. ‘पांढरं हाय थोडं,’ म्हणाले. ‘उद्याच्याला पुण्याला दाखवून ये. मला मेंढराचं कळतं, माणसाचं न्हाई.’

मी विचारलं, साधंच असेल ना दादा?

‘भौतेक,’ दादा म्हणाले.

मग त्यांनी हात पुढे केला आणि माझा एक कान दोन बोटांत धरून जोरात चिमटला. ते माझ्यासमोर उभे होते, तोंड माझ्याकडे. या वेळी मी घाई केली नाही. मनातल्या मनात वळून उभा राहिलो, नीट हिशेब केला. माझाच उजवा होता. राखायचा. तंबाखूची डबी खुर्चीवरच राहिली. विसरलो की ठेवून आलो, हे सुदामला लगेच कळलं असतं. बाहेर येऊन गाडीला किक मारेपर्यंत मला बरं वाटत होतं. मग आठवलं, सुदामचा हातही त्या जनावरांच्या याच कानाकडे आपोआप गेला होता.

उद्या पहिल्या गाडीनं पुण्याला निघतोय. कान अजून दुखतो आहे.